खुराडं साफ करायचंय? पाण्याचा पाइप आधी बाजूला ठेवा

कोंबड्या पाळायला लागल्यावर दोन महिन्यांनी मी खुराड्याची पहिली ‘मोठी सफाई’ काढली. पाइप लावला, जमीन, भिंती, कोंबड्या बसतात त्या दांड्या सगळं धो धो धुतलं, वर फिनाईल शिंपडलं, संध्याकाळी नवा भुसा अंथरला आणि कोंबड्यांना आत घेतलं. खुराडं चकाचक दिसत होतं, मी खूश होते. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर डोळ्यांत पाणी यावं असा उग्र दर्प, आणि दोन कोंबड्या शिंकत बसलेल्या. भुसा खालून ओलागच्च होता. लाकूड वाळलंच नव्हतं आणि मी त्यावर पांघरूण घातलं होतं.

खुराड्यातली खरी घाण म्हणजे ओल, हे त्या दिवशी कळलं. ताज्या विष्ठेत जवळजवळ पाऊण भाग पाणीच असतं. ओल असली की विष्ठेतल्या युरिक ॲसिडवर जिवाणू काम करतात आणि अमोनिया सुटतो. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच लागण करू शकत नाहीत. त्यासाठी त्यांना ऊब आणि ओल मिळून एक-दोन दिवस लागतात. म्हणजे वेळेवर उचललेली, सुकी ठेवलेली घाण फारसं बिघडवत नाही. खाली दिलेली सगळी रीत त्याच हिशेबाने आहे: आधी झाडायचं, मग खरवडायचं, पाणी अगदी शेवटी आणि मोजकं, आणि त्यानंतर कडकडीत वाळवायचं.

पाच-दहा कोंबड्यांच्या परसातल्या खुराड्यासाठी हे लिहिते आहे. मोठ्या पोल्ट्री शेडचं गणित वेगळं असतं.

आधी जमवून ठेवा

मध्येच धावाधाव नको असेल तर हे सगळं हाताशी असू द्या:

- फावडं, घमेलं, खराटा आणि दाताळं
- खरवडायला रंगारी वापरतात तशी पत्र्याची पट्टी
- ताठ केसांचा ब्रश, आणि फटींसाठी जुना दात घासायचा ब्रश
- दोन बादल्या, साधा धुण्याचा साबण, फवारणीची बाटली
- ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट, ५ टक्क्यांच्या आसपासचं)
- रबरी हातमोजे, खुराड्यासाठीच ठेवलेल्या चपला किंवा गमबूट
- नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क
- बॅटरी आणि पांढरा कागद (कशाला ते पाचव्या पायरीत)
- नवी गादी: लाकडाचा जाडसर भुसा किंवा भाताचं तूस, पूर्ण कोरडं

मास्कबद्दल आळस करू नका. रुमाल बांधून भागत नाही. सुकी विष्ठा, पिसांचा कोंडा आणि बुरशी मिळून जी धूळ उडते ती छातीत बसते. दमा असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याकडे सोपवलेलं बरं. पाच वर्षांच्या आतली मुलंही या कामात आसपास नकोत, कारण माणसाला हगवण लावणारा साल्मोनेला जिवाणू निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही असू शकतो.

१. खरंच मोठी सफाई हवी आहे का, ते बघा

तारीख ठरवून सगळं उपसायची गरज नसते. खुराड्यात शिरून खाली उकिडवे बसा, नाक कोंबडीच्या उंचीला न्या. अमोनिया जमिनीतून सुटतो, त्यामुळे खाली जास्त जाणवतो. तुम्हाला उभ्याने वास येत नसला तरी त्यांना रात्रभर तोच हुंगत बसावं लागतं. हवेत अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर गेला की त्यांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास होऊ लागतो. पहिल्या श्वासालाच खरं काय ते ओळखा, पाच मिनिटांनी आपलं नाक सरावतं.

मग गादी मुठीत घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर भुसा सुटा होऊन पडला तर ठीक. ढेकूळ तसंच राहिलं तर ओल जास्त आहे. अजिबात न चिकटता नुसती धूळ उडाली तर ती फार कोरडी आहे, हेही श्वासाला वाईटच. फक्त एक कोपरा ओला असेल तर तेवढाच उपसा आणि वर बघा. बहुतेकदा छत गळत असतं किंवा पाण्याचं भांडं सांडत असतं. कारण तसंच ठेवून भुसा बदलत राहिलात तर जन्मभर बदलत बसाल.

२. दिवस निवडा

कोरडा, उन्हाचा, थोडा वारा असलेला. सकाळी लवकर सुरुवात, म्हणजे वाळायला अख्खी दुपार मिळते. ढग दिसत असतील तर नुसती सुकी सफाई करा आणि धुणं पुढे ढकला.

कोंबड्यांना आवारात किंवा वेगळ्या सावलीच्या जागी सोडा, पाणी आणि खाद्य तिथेच ठेवा. खुडूक बसलेली कोंबडी असेल आणि तिच्याखाली अंडी उबत असतील तर मोठी सफाई पिलं निघेपर्यंत थांबवा. तिला त्या दिवसांत हलवलं तर ती अंडी सोडून देऊ शकते.

३. सगळं बाहेर काढा

अंड्यांच्या पेट्या, सुट्या होणाऱ्या दांड्या, भांडी, सगळं उन्हात. मग गादीवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, धूळ बसेल इतकाच. आतून दाराकडे ओढत न्या. खराट्याने छतापासून खाली या: आधी कोळिष्टकं, मग जाळ्या, मग भिंती, शेवटी जमीन. नवखे लोक उलटं करतात आणि झाडलेली जमीन पुन्हा झाडतात. मीही केलंय.

हवा जायच्या जाळ्या विसरू नका. त्यांवर पिसांचा कोंडा बसून त्या हळूहळू बुजतात, आणि मग ‘रोज साफ करूनही वास का येतो’ असा प्रश्न पडतो.

४. खरवडा

दांडीवरचा आणि दांडीखालचा थर सिमेंटसारखा झालेला असतो. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १५० ग्रॅम विष्ठा टाकते, आणि त्यातली बरीचशी रात्री, दांडीवर बसल्या जागी पडते. निघत नसेल तर तेवढ्याच जागी ओलं फडकं दहा मिनिटं टाकून ठेवा, मग पट्टीने सोला. पूर्ण खुराडं भिजवायची गरज नाही.

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण इथे केलेली लबाडी पुढे उघडी पडते. जंतुनाशक विष्ठेच्या थरावर ओतलं तर ते त्या थरावरच खर्च होतं, खालच्या लाकडापर्यंत पोचतच नाही. माझं फिनाईल तसंच गेलं होतं. शिवाय त्याचा वास बंद जागेत टिकतो आणि खरी दुर्गंधी झाकतो, म्हणजे पहिल्या पायरीतली नाकाची परीक्षाच निकामी होते. मी आता खुराड्यात फिनाईल वापरत नाही.

५. फटी तपासा (ही पायरी टाळू नका)

खुराड्यात लाल माइट नावाचा एक बारीक किडा असतो. दिवसा तो लाकडाच्या फटीत, दांडीच्या खोबणीत, पेटीच्या सांध्यात लपतो. रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितो आणि पुन्हा फटीत जातो. म्हणून दिवसा कोंबडी उचलून पिसांत कितीही शोधलं तरी सापडत नाही. आपण म्हणतो, ‘माझ्याकडे नाहीत.’ तिकडे कोंबडीचा तुरा फिकट पडत जातो, अंडी कमी होतात, आणि संध्याकाळी कोंबड्या आत जायला कुरकुरतात. आत जायला नकार हे मला सगळ्यात पक्कं लक्षण वाटतं. माणूस ढेकणाच्या खाटेवर जायला कुरकुरतो, तसंच ते.

पोटभर प्यायलेला माइट जेमतेम १ मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याएवढा, लालसर. उपाशी असताना करडा दिसतो आणि फटींपाशी राख सांडल्यासारखं वाटतं. तपासायच्या दोन रीती:

- पांढरा कागद दांडीच्या खालच्या बाजूने आणि टोकांवर घासून बघा. रक्ताची रेघ उमटली की निकाल लागला.
- अंधार पडल्यावर तासा-दोन तासांनी बॅटरी घेऊन जा आणि दांडीची खालची बाजू बघा. असतील तर चालताना दिसतात.

सापडले तर दांड्या काढून त्यांवर उकळतं पाणी ओता, टोकं आणि खोबणी नीट भिजतील असं. स्थिर चौकटीच्या फटीत दात घासायच्या ब्रशने साबणाचं कडक पाणी कोंबा. जास्त झाले असतील तर पशुवैद्यकांना विचारून कोंबड्यांसाठी चालणारं औषध घ्या, आणि त्या काळात अंडी खायची की नाही हेही त्याच वेळी विचारा.

खरी मेख पुढे आहे. उबदार हवेत या किड्याचं अंड्यापासून मोठं होईपर्यंतचं चक्र आठवड्याभरात पूर्ण होतं. आज मोठे मेले तरी फटीतली अंडी उरतात. म्हणून पाच ते सात दिवसांनी हीच पायरी पुन्हा, आणि त्यानंतर आणखी एकदा. रक्त न मिळताही हा किडा कित्येक महिने तग धरतो. ‘खुराडं महिनाभर रिकामं ठेवलं होतं, आता काही नसेल’ हा हिशेब चुकतो, जुनं खुराडं वापरायला घेताना तर हमखास.

या टप्प्यावर लोक जे सल्ले देतात त्यांतले तीन सरळ नाकारा. दांड्यांना रॉकेल लावू नका, पायांची कातडी भाजते आणि आग लागायची भीती वेगळी. पेट्यांत डांबरगोळ्या ठेवू नका, त्या विषारी आहेत आणि कोंबडी काहीही टोचून बघते. आणि शेतासाठीचं कीटकनाशक ‘थोडंसंच’ म्हणून मारू नका.

६. आता पाणी

साबणाचं गरम पाणी, ब्रश आणि फडकं. पाइपचा जोरदार फवारा लाकडी खुराड्याला नकोच. तो घाण फटीत आणखी आत ढकलतो आणि लाकूड दिवसभर वाळत नाही. सिमेंटची जमीन असेल तर पाइप चालेल, उतार बाहेर असेल तर. मातीची जमीन धुवायचीच नाही. वरचा दोन-तीन सेंटीमीटर थर खरवडून काढायचा आणि कोरडी माती भरायची.

पाण्याची आणि खाद्याची भांडी वेगळ्या बादलीत घासा. आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंचा थर आहे, नुसत्या विसळण्याने जात नाही. ही भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये आणू नका, बाहेरच्या नळावरच धुवा. ब्रशही तिथलाच, घरातला नाही.

७. जंतुनाशक: दर वेळी नाही

नेहमीच्या सफाईत साबण, ऊन आणि वारा पुरतो. कोंबडी आजारी पडली असेल, मेली असेल किंवा नवा थवा आणायचा असेल तेव्हाच ब्लीच काढा. ५ टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि साध्या पाण्याचे दहा भाग. त्याच दिवशी बनवा, उरलेलं ठेवू नका, त्याची ताकद उतरते. पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहायला हवा. मग पाण्याने पुसून घ्या. लोखंडी जाळीवर जास्त वेळ राहिलं तर गंज चढतो.

आणि ही धोक्याची गोष्ट: विष्ठेने माखलेल्या, अमोनियाचा वास येणाऱ्या जागी ब्लीच ओतू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरामाइन नावाचा विषारी वायू तयार होतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल मिसळलं तर क्लोरीन सुटतो. बंद खुराड्यात वाकून काम करणाऱ्या माणसाला यातलं काहीही थोडंसुद्धा फार होतं. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा.

ब्लीचकडून सगळ्याची अपेक्षाही ठेवू नका. रक्ती हगवणीच्या जंतूंचं कवच इतकं चिवट असतं की ब्लीचने त्यांना काही होत नाही. त्यांच्यावर उपाय म्हणजे उष्णता आणि कोरडेपणा.

८. वाळवा, आणि मग अजून वाळवा

दुपारभर सगळं उघडं. वाळलं की नाही हे तळहाताने ठरवा: लाकडावर हात दाबून ठेवा, गार लागलं तर आत ओल आहे. सांधे आणि कोपरे शेवटी वाळतात, तिथे बघा. संध्याकाळपर्यंत वाळलं नाही तर कोंबड्यांना एक रात्र दुसरीकडे ठेवा. मांजर, मुंगूस आत येणार नाही अशी जागा हवी. गैरसोय होते खरी, पण ओल्या खुराड्यात कोंडण्यापेक्षा बरी.

तोवर दुरुस्तीची कामं उरका. सैल खिळे, उचकटलेली जाळी, उंदरांनी कुरतडलेल्या जागा. सुमारे २ सेंटीमीटरच्या भोकातून घूस नसली तरी उंदीर सहज आत येतो, आणि उंदीर आला की त्याच्या मागे साप येतोच.

९. नवी गादी

भुसा किंवा तूस ८ ते १० सेंटीमीटर जाड पसरा. पातळ थर स्वस्त वाटतो, पण आठवड्यात चिखल होतो. अगदी बारीक, पिठासारखा भुसा नको, तो डोळ्यांत आणि नाकात जातो. लहान पिलांखाली गुळगुळीत वर्तमानपत्र टाकू नका, पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. वास घेऊन, हाताला लावून बघा: बुरशीचा कुबट वास आला तर तो भुसा कोंबड्यांसाठी नाही.

पेट्यांमध्ये स्वच्छ गादी भरपूर घाला. कोंबड्या पेटीत झोपून घाण करत असतील तर दांडी पेटीपेक्षा उंच करा. कोंबडीला सगळ्यात उंच जागी झोपायचं असतं, तिथे वाद घालून उपयोग नाही. दांडीखाली एक सुटी फळी बसवली तर तुमचं निम्मं काम कमी होईल. रोज सकाळी ती फळी खरवडली की रात्रीची सगळी विष्ठा दोन मिनिटांत बाहेर.

१०. जाळीचं आवार

आवारात झाडू मारून माती चकाचक करायची नसते. कोंबड्यांना उकरायला काहीतरी हवं. दाताळ्याने वरची विष्ठा, पिसं, कुजलेला पाला ओढून घ्या. ओढताना डोळे उघडे ठेवा: खिळा, तारेचा तुकडा, काच, प्लॅस्टिकची दोरी. चकाकतं ते कोंबडी गिळते.

चिखल होणारी जागा ही आवाराची मुख्य तक्रार. भुसा टाकून ती बुजत नाही, भुशाचाही चिखल होतो. आधी पाणी कुठून येतंय ते थांबवा: छपराच्या पागोळ्यांना पन्हळ लावा, चर खणा, उतार द्या. मग वर लाकडाच्या जाड ढलप्या किंवा सुका पाला टाका. जंतांची अंडी मातीत महिनोन्महिने टिकतात, म्हणून जागा असेल तर आवाराचे दोन भाग करून आलटून पालटून वापरा. रिकाम्या भागावर ऊन पडू द्या. गर्दी असेल तर कितीही झाडलं तरी पुरणार नाही. दर कोंबडीमागे आत ४ आणि आवारात ८ ते १० चौरस फूट, एवढं तरी बघा.

चुन्याबद्दल सारखं विचारलं जातं. कळीचा चुना कोंबड्या चालतात तिथे कधीच नको, ओलीत तो पाय जाळतो. चुनखडीची साधी भुकटी मात्र हलक्या हाताने भुरभुरायला चालते.

धूळ-अंघोळीचा खड्डा साफ करण्याच्या नादात बुजवू नका! उवा-माइटविरुद्ध कोंबडीची स्वतःची व्यवस्था तीच आहे. त्यातली ओली माती काढा, कोरडी माती आणि वाळू भरा, वर आडोसा करा. लाकडाची राख थोडी मिसळायला हरकत नाही, फक्त ती भिजता कामा नये.

११. निघालेल्या कोंबडखताचं काय

ताजं कोंबडखत थेट झाडांच्या मुळाशी घातलं तर झाडं करपतात, नत्र फार असतो. सुका पाला, काड्या, जुना भुसा यांबरोबर ढीग लावा, पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवा आणि अधूनमधून उलथा. ढीग आतून ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की रोगजंतू मरायला लागतात. कडेचा भाग मात्र थंडच राहतो, उलथायचं ते त्यासाठी. कच्चं खत भाजीच्या वाफ्यात घातलंच असेल तर मातीला टेकणारी भाजी त्यानंतर १२० दिवस काढू नका. ढीग खुराड्यापासून लांब हवा, नाहीतर माश्या परत तिकडेच.

१२. मोठी सफाई लांबवायची असेल तर

रोज: फळी खरवडा, पाणी बदला, भांडं घासा, सांडलेलं खाद्य उचला. आठवड्यातून एकदा: गादी दाताळ्याने खालीवर करा, ओले कोपरे उपसा, पेट्यांतला भुसा बदला, कागद दांडीवर घासून बघा. हे होत राहिलं तर पूर्ण उपसणं वर्षातून दोनदा पुरतं. साफ करतानाच विष्ठेकडे बघायची सवय लागते. रक्त दिसलं, किंवा एकाएकी दोन-तीन कोंबड्या दगावल्या तर झाडू खाली ठेवा, मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, पशुवैद्यकांना कळवा.

आणि एक. सफाईच्या दिवशी संध्याकाळी कोंबड्या दारात उभ्या राहून आत माना घालतील आणि मागे फिरतील. त्यांच्या दृष्टीने हे कुणा परक्याचं घर आहे. जुन्या गादीतला एखादा सुका, चांगला घमेलाभर भाग बाजूला काढून नव्यात मिसळला तर लवकर रुळतात. तरीही एखादी हटून बाहेर बसलीच तर मागे पळू नका. पूर्ण अंधार पडू द्या, मग तिला दोन्ही हातांनी उचलून दांडीवर नेऊन ठेवा. अंधारात ती भांडत नाही.